मुद्राराक्षस हसला तर कुणाचं काय बिघडलं?

क्वार्कएक्स्प्रेसमध्ये एक परग्रहवासी राहायचा. पानावरची एखादी चौकट सिलेक्ट करायची आणि नुसतं डिलीट न दाबता कंट्रोल-आल्ट-शिफ्ट-के असं चार बोटांचं आसन करायचं (मॅकवाल्यांना कमांड-ऑप्शन-शिफ्ट-के). की स्क्रीनच्या कडेने एक बुटका तुरुतुरु चालत यायचा, किरणांची बंदूक रोखायचा, चौकट जाळून टाकायचा आणि आला तसा निघून जायचा. मेन्यूत त्याचा पत्ता नाही आणि मॅन्युअलमध्येही नाही. ज्याला माहीत त्याला माहीत.

डीटीपीच्या धंद्यात ज्यांनी थोडीफार वर्षं काढली आहेत, त्यांना हा बुटका ओळखीचा असणार. माझ्या मामाचं नारायण पेठेत डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, आणि ऑगस्टपासून दिवाळी अंकांची पानं. तिथल्या ऑपरेटर काकू त्याला 'आमचा मुद्राराक्षस' म्हणायच्या. मराठीत छपाईच्या चुका ज्याच्या माथी मारायच्या तो हा मुद्राराक्षस. विशाखदत्ताच्या नाटकात हा शब्द राजमुद्रा आणि राक्षस नावाचा अमात्य यांच्यावरून आला, पण आपल्या छापखानेवाल्यांनी तो पळवून स्वतःच्या कामाला लावला. छापखान्यात राक्षस असतो हे आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक होतं. क्वार्कवाल्यांनी तो फक्त पडद्यावर आणला.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या कंपनीत (नाव नको, नोकरी आहे) नुकताच निघालेला एक फतवा. आम्ही एका बाहेरच्या क्लायंटसाठी छपाईच्या कामाचं सॉफ्टवेअर लिहितो. ग्राहकाची पीडीएफ तपासणं, रंग बदलणं, पानं शीटवर मांडणं वगैरे. आमच्या टीमने बिल्डांना मिसळ, पाव, कट, तर्री अशी नावं दिली होती. कुणीतरी 'तर्री म्हणजे काय?' असं विचारलं आणि झालं. आता म्हणे बिल्डांना फक्त आकडे, कोडमधल्या कॉमेंटांत विनोद नाही, आणि 'दस्तऐवजात नमूद नसलेलं काहीही' प्रॉडक्टमध्ये नाही. कारण? प्रोफेशनॅलिझम. आणि 'ट्रस्ट'.

या दोन शब्दांचं एवढं कीर्तन ऐकलंय की आता बोलल्याशिवाय राहवत नाही. माझं म्हणणं साधं आहे. सॉफ्टवेअरमध्ये काही लपवलेलं असणं हा गुन्हा नाही. ते कुणासाठी लपवलंय आणि कुणापासून लपवलंय हा खरा प्रश्न. आमच्या धंद्याने पहिल्या प्रकारावर बंदी घातली आणि दुसऱ्या प्रकाराला सुखाने नांदू दिलं. आणि हे सगळं विश्वासाच्या नावाखाली!

आधी टोपणनावांचं बघू. सॉफ्टवेअर तयार होत असताना त्याला खरं नाव नसतंच. खरं नाव मार्केटिंगवाले शेवटी ठरवतात, वकील त्यावर सही करतात. तोवर लोकांना काहीतरी हाक मारायला हवी ना! शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या कानावर पडलं तरी त्याला बोध होऊ नये. म्हणजे टोपणनाव ही कामाचीच गरज. आज जे इनडिझाईन म्हणून ओळखलं जातं, त्याचा गर्भ सिअ‍ॅटलच्या अ‍ॅल्डस कंपनीत होता. (पेजमेकरवाली अ‍ॅल्डस. नाव पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या अ‍ॅल्डस मानुटियस या मुद्रकावरून घेतलेलं.) तिथे त्या प्रकल्पाला 'शुक्सान' म्हणत. हा त्याच वॉशिंग्टन राज्यातला एक डोंगर. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने अ‍ॅल्डस घेतली आणि पुढे नाव झालं 'के-टू'. क्वार्कचं शिखर सर करायचं म्हणजे घरामागचा डोंगर पुरणार नव्हता. १९९९ मध्ये पहिली आवृत्ती आली. मग १.५ आवृत्तीचं नाव 'शेर्पा' आणि २.० चं 'अन्नपूर्णा'.

शेर्पा हे नाव मला फार आवडतं. ज्याने पॉइंट-फाइव्ह रिलीज काढली आहे त्याला ते लगेच कळेल. १.० वाल्यांचा फोटो निघतो, २.० वाल्यांचा सत्कार होतो. मधला अर्धा माणूस पाठीवर बोजा घेऊन वर चढत असतो, बग निस्तरत असतो, त्याला कुणी विचारत नाही. ज्याने कुणी ते नाव ठेवलं त्याला आपण काय करतोय हे नेमकं ठाऊक होतं. 'आर-सात-बिल्ड-४१२' या नावात एवढी अक्कल येईल का?

फोटोशॉपची यादी तर अजून रंगीत. ३.० 'टायगर माउंटन', ४.० 'बिग इलेक्ट्रिक कॅट', ५.० 'स्ट्रेंज कार्गो', ६.० 'व्हीनस इन फर्स', सीएस-टू 'स्पेस मंकी', सीएस-फोर 'स्टोनहेंज'. ठरावीक कळ दाबून अबाऊट उघडलं की या नावाचं वेगळंच चित्र समोर यायचं. लेयर्सच्या पॅनेलचे ऑप्शन आल्ट दाबून उघडले की 'मर्लिन जिवंत आहे' अशी खिडकी आणि त्या जादूगाराला हाकलायला एकच बटण. इनडिझाईनमध्ये 'फ्रेंडली एलियन' नावाचा प्रिंट प्रीसेट बनवला की प्रिंटच्या खिडकीतल्या छोट्या पानावर परग्रहवासी उगवायचा. क्वार्कचा बंदूकवाला आणि आमचा मात्र दोस्तीवाला! मला तरी हा सरळ टोमणाच वाटतो. दोन कंपन्या एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या असताना त्यांचे इंजिनिअर असे एकमेकांना डोळे मिचकावत होते.

आता हे लोक असं का करत होते? रिकामटेकडे होते म्हणून? 'ईस्टर एग' हा शब्द जिथून आला ती गोष्ट बघा. अटारी कंपनी गेम लिहिणाऱ्यांची नावं कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रॅमरने 'अ‍ॅडव्हेंचर' (१९८०) या गेममध्ये एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं. म्हणजे मुळात तो विनोद नव्हताच, ती सही होती. जी सही पुढच्या दाराने आत घेतली नाही ती मागच्या दाराने आली.

फोटोशॉपने सही पुढच्या दाराने आत घेतली तेव्हा काय झालं हेही बघण्यासारखं आहे. प्रोग्रॅम सुरू होताना जी पाटी यायची तिच्यावर बनवणाऱ्यांची नावं असायची, पहिलं थॉमस नोल यांचं. त्याच पाटीवर सीतारामन नारायणन हे नाव होतं, विंडोजवरच्या फोटोशॉपचं काम करणारे इंजिनिअर. जगभरच्या डिझायनरांनी मशीन सुरू व्हायची वाट बघत ते लांबलचक नाव इतक्या वेळा वाचलं की हा माणूस त्यांच्यात दंतकथा बनला, त्याचे चाहते निर्माण झाले. ज्यांना भारताच्या नकाशात चेन्नई दाखवता आलं नसतं अशा लोकांना एका तमिळ इंजिनिअरचं पूर्ण नाव पाठ होतं. का? तर कुणीतरी ते छापलं म्हणून.

आणि आमच्या प्रॉडक्टचा अबाऊट बॉक्स? त्यात इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुपचं नाव आहे, फ्रीटाईपचं आहे. त्यांच्या लायसन्समध्येच तशी अट आहे, त्यामुळे वकिलांनी हू की चू न करता टाकलं. (आणि टाकायलाच हवं, त्यांच्या कामावर अर्धं जग छापतंय.) क्लायंटचं नाव आहे, त्यांचा लोगो आहे, चार ओळींची कायदेशीर धमकी आहे. आमच्या बारा जणांपैकी एकाचंही नाव नाही. आमच्यातल्या एकीने पानं मांडायचा जो भाग लिहिला, त्यामुळे कागदाची नासाडी वाचते म्हणून क्लायंट त्यावर जाहिरात करतो. ती पोरगी आता दुसरीकडे गेली. तिने तो भाग लिहिला याचा पुरावा फक्त कोडच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास क्लायंटच्या सर्व्हरवर, तिला आता न दिसणारा. इंटरव्ह्यूत सांगितलं तरी समोरच्याने का विश्वास ठेवावा?

असो. समोरच्या बाजूचं म्हणणंही ऐकू, कारण ते अगदीच वेडगळ नाही.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. बिल गेट्सने जानेवारी २००२ मध्ये ट्रस्टवर्दी कॉम्प्युटिंगचं पत्रक काढलं आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टमध्ये ईस्टर एग बंद झाले. त्याआधीच्या एक्सेल ९७ मध्ये चक्क विमान उडवायचा खेळ दडवलेला होता. युक्तिवाद असा की ज्या कोडची कुणाला माहिती नाही, जे तपासलं गेलेलं नाही, ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर असूच नये. मान्य. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विमान हवंच असं माझंही म्हणणं नाही. पण याचं उत्तर 'तपासा' हे आहे. टीमला माहीत असलेली, रिव्ह्यू झालेली, टेस्ट केस असलेली गंमत ठेवायला कुणी अडवलंय? फोटोशॉपमध्ये पुढे कुणीतरी टूलबारात केळं लपवलं. त्यामुळे कुणाचं पोस्टर बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरा आक्षेप पोरकटपणाचा. याला माझं उत्तर म्हणजे डोनाल्ड क्नूथ. आपल्या पुस्तकाची प्रुफं वाईट दिसली म्हणून या गृहस्थाने १९७७-७८ मध्ये अक्षरजुळणीचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, ते म्हणजे टेक. जगभरचे गणिती आजही त्यातच लिहितात. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या एकेक अंकाने जवळ सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. क्नूथ यांच्या पश्चात तो नुसता 'पाय' करायचा आणि पुन्हा कधीही हात लावायचा नाही अशी त्यांची सूचना आहे. आत काही भलतंच बिघडलं तर टेक 'हे होऊच शकत नाही' अशा अर्थाचा संदेश देतो, किंवा तुमच्या चुकीने आपण घायाळ होऊन जेमतेम शुद्धीवर असल्याचं कळवतो. चूक शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून क्नूथ २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत, कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायातला एक डॉलर. २००८ पासून ते 'बँक ऑफ सॅन सेरिफ'चं प्रमाणपत्र देतात. सॅन सेरिफ हा ब्रिटनच्या 'गार्डियन'ने १९७७ च्या एप्रिल फूलला जन्माला घातलेला देश, नाव अर्थातच सॅन्स सेरिफ टाईपवरून. एवढ्या थट्टा असलेलं हे सॉफ्टवेअर आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्यात भरवशाच्या प्रोग्रॅमांत धरलं जातं. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर प्रिंटरकडून अर्थ न लागणारी अवस्था कळली की 'प्रिंटर पेटला आहे' अशी नोंद होते. त्या कर्नलवर जगातले निम्मे सर्व्हर चालत असतील, आणि त्यांच्या मालकांना प्रोफेशनॅलिझम शिकवायला आमची एचआर निघालीय!

तिसरा आक्षेप मात्र मला पटतो. विनोद दुसऱ्याच्या जिवावर नको. अ‍ॅपलच्या पॉवर मॅकिंटॉश ७१०० या मशीनचं टोपणनाव 'कार्ल सेगन' होतं. सेगन यांनी हरकत घेतली तेव्हा टीमने नाव बदलून त्या खगोलशास्त्रज्ञालाच मूर्ख म्हणणारी आद्याक्षरं ठेवली. प्रकरण कोर्टात गेलं. खटला सेगन हरले, पण माझ्या मते थट्टा तिथेच खलास झाली होती. तसंच गिऱ्हाइकाच्या छापल्या जाणाऱ्या पानाला हात लावणारी गंमत नको. क्वार्कच्या बुटक्याचं मोठेपण इथे आहे. तुम्ही जे पुसायला सांगितलं तेवढंच तो पुसतो, शेजारच्या चौकटीला धक्का लावत नाही.

आता विश्वासाचं. याच छपाईच्या धंद्यात आणखी काय काय लपवलेलं होतं आणि आहे ते बघू या.

रंगीत लेझर प्रिंटर. त्यातले बरेच प्रिंटर तुमच्या प्रत्येक पानावर बारीक पिवळे ठिपके छापतात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, निळा प्रकाश आणि भिंग लागतं. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरांचे ठिपके उलगडले. पंधरा बाय आठची जाळी, आणि तिच्यात प्रिंटरचा सिरियल नंबर, छापल्याची तारीख आणि वेळ. २०१७ मध्ये अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीने फोडलेला सरकारी कागद प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावरचे ठिपके लोकांनी वाचून दाखवले : ९ मे २०१७. (ती केवळ ठिपक्यांमुळे सापडली असं नाही, तिच्या ऑफिसातल्या नोंदींवरूनही तपास झाला होता.) खोट्या नोटा पकडायला हे हवं, असं सांगतात. पकडा की! पण प्रिंटर विकताना खोक्यावर एक ओळ छापायला शाई कमी पडली का?

दुसरं उदाहरण फोटोशॉप सीएसचं, ऑक्टोबर २००३ मधलं. नोटेचं चित्र उघडायला गेलं की प्रोग्रॅम नकार द्यायचा. जानेवारी २००४ मध्ये बोभाटा झाला आणि अ‍ॅडोबीला मान्य करावं लागलं की मध्यवर्ती बँकांच्या गटाच्या विनंतीवरून नोटा ओळखणारा कोड आत घातला आहे. तो कोड आत नेमकं काय करतो हे खुद्द अ‍ॅडोबीलाही ठाऊक नाही, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पुन्हा वाचा. लाखो लोकांच्या मशीनवर जाणाऱ्या प्रॉडक्टमध्ये बाहेरून आलेला बंद डबा, आणि बनवणाऱ्या कंपनीलाही त्याच्या पोटातलं माहीत नाही. 'न तपासलेला कोड नको' म्हणणारे सगळे तेव्हा चहाला गेले होते बहुतेक. आणि गंमत बघा, त्या आवृत्तीचं टोपणनाव होतं 'डार्क मॅटर'. योगायोगच असणार, पण याहून नेमकं नाव मलाही सुचलं नसतं.

तिसरं एचपीचं. १३ सप्टेंबर २०१६ या दिवशी त्यांच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी जगभर एकदमच दुसऱ्या कंपनीची काडतुसं नाकारायला सुरुवात केली. काडतूस कालपर्यंत चालत होतं. फर्मवेअरमध्ये ती तारीख आधीच पेरून ठेवलेली होती. महिनाअखेरीला कंपनीने लोकांना नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली आणि तो अडसर नसलेलं फर्मवेअर देऊ केलं. हेही लपवलेलंच होतं की! फक्त यात कुणी हसलं नाही.

आता दोन ढीग समोर ठेवा. एका बाजूला बुटका, मर्लिन, केळं, शेर्पा. गिऱ्हाइकाला कधीतरी सापडावं आणि त्याने हसावं म्हणून लपवलेलं. दुसऱ्या बाजूला ठिपके, बंद डबा, पेरलेली तारीख. गिऱ्हाइकाला कधीच सापडू नये म्हणून लपवलेलं. आणि 'विश्वासाला तडा' म्हणून सर्क्युलर कुठल्या ढिगावर निघतं? पहिल्या. कारण उघड आहे. पहिला ढीग कामगारांचा आहे, दुसरा मालकांचा.

आपल्याकडे १८६७ साली इंग्रजांनी कायदा केला की छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण वाचता येईल असं छापलंच पाहिजे. (२०२३ च्या नव्या कायद्याने तो आता गेला.) हेतू काही उदात्त नव्हता, कुणाला धरायचं ते कळावं एवढाच. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांबरोबर 'केसरी'च्या मुद्रकालाही आरोपी केलं होतं (ते निर्दोष सुटले). म्हणजे हीही पाळतच. पण उघड पाळत. मुद्रकाला माहीत होतं, वाचकाला माहीत होतं, आणि त्याच ओळीमुळे पुस्तक कुणी छापलं हे आपल्याला आज शंभर वर्षांनीही वाचता येतं. परक्या सरकारने राजद्रोही शोधायला जी ओळ छापायला लावली, तेवढा मानही आजची कंपनी स्वतःच्या इंजिनिअरला देत नाही. आणि तेवढा उघडपणाही गिऱ्हाइकाशी ठेवत नाही.

म्हणून प्रोफेशनॅलिझमवाल्यांना माझं सांगणं एवढंच. बिल्डांची नावं आकड्यांत ठेवा, हरकत नाही, आम्ही चहाच्या टपरीवर त्यांना तर्रीच म्हणू. पण दोन गोष्टी करा. गिऱ्हाइकाच्या नकळत जे जे चालतं त्याची यादी मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापा. आणि ज्यांनी लिहिलं त्यांची नावं अबाऊट बॉक्समध्ये टाका, सोडून गेलेल्यांसकट. हे दोन्ही केलंत तर आम्हाला गुप्त खोल्या बांधायची गरज उरणार नाही. (एखादा बुटका तरी राहील. त्याला चालतं ठेवायचं काम आमचं.)

तोवर एक करा. तुम्ही जे सॉफ्टवेअर लिहिता त्याचा अबाऊट बॉक्स सोमवारी सकाळी एकदा उघडा, आणि त्यात किती माणसांची नावं सापडतात ते मोजा.